बास्क किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या अखेरीची सुट्टी: मुक्काम कुठे करावेत आणि किनारे कोणते निवडावेत?

अबोली

नमस्कार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या बास्क किनाऱ्यावर जाण्याचा विचार करत आहोत आणि सप्टेंबरचा पहिला आठवडाही तिथेच काढण्याचा बेत आहे. बरोबर आठ वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई आहेत. सासूबाई सपाट रस्त्यावर छान चालतात, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या आणि चढ त्यांना झेपत नाहीत. मुलाला पाण्याचे वेड आहे, मात्र तो अजून सराईतपणे पोहत नाही. नवऱ्याला किनाऱ्यालगतच्या पायवाटांवर तासन्‌तास चालायचे आहे. मला स्वतःला जुनी बंदरे, चर्च आणि मासळीबाजार पाहत निवांत फिरायला आवडेल. मी आणि सासूबाई शाकाहारी आहोत, दोघींनाही अंडे चालते. नवरा आणि मुलगा मासे आवडीने खातात.

पॅरिसहून रेल्वेने बायॉनला उतरावे आणि परतीचे विमान बिल्बाओहून घ्यावे, एवढे ठरले आहे. मधल्या दिवसांसाठी मी जी यादी केली आहे, तिच्यात बियारित्झ, सें-झां-द-ल्यूझ, आंदाय, ओंदारिबिया, सान सेबास्तियान, गेतारिया, सुमाइया, लेकेइतियो, गास्तेलुगात्चे आणि बिल्बाओ एवढी नावे आहेत. प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन रात्री राहायचे, असा विचार होता, पण नकाशा जसजसा बारकाईने पाहते आहे, तसतशी ही धावपळ सासूबाईंना सोसेल का, अशी शंका येऊ लागली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एवढ्या ठिकाणी सामान हलवण्यापेक्षा दोन-तीन मुक्काम ठेवून रोज फिरून येणे शक्य आहे का? त्यासाठी मोटार भाड्याने घेणे अपरिहार्य आहे, की रेल्वे आणि बस पुरेशा आहेत? मुलाला निर्धास्तपणे पाण्यात सोडता येईल असे किनारे कोणते? शाकाहारी माणसाची जेवणाची सोय कितपत होते? आणि दोन देशांत राहणार असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे करावा की स्पेनकडे, हेही कृपया कोणी सांगावे. तिकडे राहिलेल्या किंवा निवांत फिरलेल्या मंडळींच्या उत्तरांची वाट पाहते.

दर्यावर्दी

अबोलीताई, तुमची शंका रास्त आहे. नकाशावर ही गावे एकमेकांना खेटून दिसतात आणि ती तशी आहेतही, पण रोज खोली सोडायची, सामान ओढत नवी खोली गाठायची आणि दुपारपर्यंत तिचा ताबा मिळण्याची वाट पाहायची, या खटपटीत दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ जातो. माझा आग्रह असा, की फ्रान्सच्या बाजूला सें-झां-द-ल्यूझ आणि स्पेनच्या बाजूला सान सेबास्तियान असे दोनच मोठे मुक्काम ठेवावेत, फार तर परतीच्या आधी बिल्बाओला एखादी रात्र घालवावी. तुमच्या यादीतली बहुतेक ठिकाणे या दोन गावांतून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहेत.

बियारित्झऐवजी सें-झां-द-ल्यूझ का, ते सांगतो. बियारित्झ देखणे आहे, सम्राज्ञी युजेनीसाठी बांधलेल्या राजवाड्यामुळे एकोणिसाव्या शतकात ते युरोपभर गाजले आणि व्हर्जिनचा खडक, दीपगृह, जुने बंदर हे सगळे पाहण्यासारखे आहे. परंतु ते चढउतारांचे गाव आहे, त्याचे मोठे किनारे उघड्या अटलांटिकवर आहेत आणि रेल्वे स्थानक समुद्रापासून बरेच आत आहे. सें-झां-द-ल्यूझचे स्थानक मात्र गावातच आहे आणि तिथून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे. मुख्य म्हणजे त्याचा उपसागर तीन लाटरोधक बांधांनी राखलेला आहे. 1749 आणि 1782 सालच्या वादळांत समुद्राने या गावाची घरेच्या घरे गिळली होती. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात बांधांचे मोठे काम हाती घेतले गेले आणि 1895 साली ते पुरे झाले. त्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असतानाही आतल्या वाळूवर लहान मुले निवांत खेळत असतात. तुमच्या मुलासाठी फ्रान्सच्या बाजूला याहून चांगला किनारा मला तरी माहीत नाही. त्याच्या खालोखाल आंदायचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, हलक्या उताराचा किनारा घ्यावा.

याच गावात सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च आहे, जिथे 9 जून 1660 रोजी चौदाव्या लुईचे स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा हिच्याशी लग्न लागले. बाहेरून ते साधे वाटते, म्हणून पुष्कळ लोक पुढे निघून जातात, पण आत अवश्य जावे. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लाकडी सज्जे मजल्यावर मजले चढवल्यासारखे लावलेले आहेत, पूर्वी तिथे पुरुष बसत आणि स्त्रिया खाली बसत, आणि छतापासून एका जहाजाची प्रतिकृती लोंबकळत असते. सासूबाईंना तिथे बसून राहावेसे वाटेल.

मोटारीची गरज नाही. बायॉन, बियारित्झ, गेतारी, सें-झां-द-ल्यूझ आणि आंदाय ही सगळी ठिकाणे फ्रान्सच्या प्रादेशिक रेल्वेने जोडलेली आहेत. आंदाय स्थानकातून बाहेर पडले, की लगेच युस्कोत्रेन या बास्क रेल्वे कंपनीचे छोटे स्थानक लागते. तिथून सान सेबास्तियानला जाणाऱ्या गाडीला सगळे ‘तोपो’ म्हणतात, ती साधारण दर अर्ध्या तासाने सुटते आणि चाळीस मिनिटांच्या आत पोचवते. सान सेबास्तियानहून त्याच कंपनीची दुसरी गाडी सारौत्स, सुमाइया, देबा अशी गावे घेत बिल्बाओपर्यंत जाते. ती सावकाश जाते, पूर्ण प्रवासाला अडीच तास लागतात, म्हणून थेट बिल्बाओला जायचे असेल तर बस धरावी. मोटार एका देशात घेऊन दुसऱ्या देशात परत केली तर जादा शुल्क जबर बसते आणि ऑगस्टमध्ये किनाऱ्याच्या गावांत ती उभी करायला जागा मिळत नाही, हाही विचार करावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या किनाऱ्यावर दिवसाचा बेत घड्याळ पाहून आखू नये, भरती-ओहोटी पाहून आखावा. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाकडे जाताना तो वाढत जातो. बियारित्झच्या कोत दे बास्क या किनाऱ्यावर पूर्ण भरतीत वाळू अजिबात उरत नाही, लाटा थेट भिंतीवर आपटतात. सान सेबास्तियानला त्याच भरतीत ला कोंचाची वाळू चिंचोळी पट्टी होऊन बसते, तर ओहोटीत ला कोंचावरून मधल्या खडकाला वळसा घालून ओंदारेता किनाऱ्यापर्यंत ओल्या वाळूवरून चालत जाता येते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे काल सकाळी जो किनारा मोकळा होता, तो चार-पाच दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असतो. फ्रान्समधल्या तक्त्यांत वेळेबरोबर 20 ते 120 असा एक गुणांकही छापलेला असतो. नव्वदीच्या पुढचा आकडा दिसला, की ते उधाण समजावे, आणि चाळिशीच्या आसपास असेल तर भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असलेले दिवस. पर्यटन कार्यालयात हे तक्ते मिळतात. पहिल्याच दिवशी एक घेऊन ठेवावा.

व्हिसाचे उत्तर सोपे आहे. ज्या देशात अधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन्हीकडचे दिवस सारखेच असतील, तर ज्या देशातून प्रथम शेंगेन क्षेत्रात शिरणार, त्याच्याकडे. तुमचे विमान पॅरिसला उतरणार असल्याने तिथल्या रात्रीही फ्रान्सच्या खात्यात मोजाव्यात. दोन देशांतली सीमा एरवी उघडी असते, तरी आंदाय आणि इरुनच्या आसपास फ्रेंच पोलीस गाड्यांमध्ये कागद तपासतात, म्हणून पलीकडे जाताना पारपत्र खोलीवर ठेवून जाऊ नये.

कोथिंबीर

जेवणाविषयी मी लिहिते, कारण शाकाहारी माणूस म्हणून या भागात बरेच दिवस काढले आहेत आणि नीट ठाऊक असले तर उपाशी राहण्याची वेळ येत नाही.

पहिली अडचण पदार्थांची नसून वेळांची आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना घड्याळ एकच, पण जेवणाच्या वेळा वेगळ्या. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळात मिळते आणि त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात. स्पेनमध्ये दीडच्या आधी कोणी जेवायला बसत नाही आणि रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या पुढे असते. आंदायहून नावेने ओंदारिबियाला गेलात, तर दहा मिनिटांच्या प्रवासात जेवणाची वेळ दीड तासाने पुढे सरकते. लहान मुलगा आणि वयस्कर बाई बरोबर असताना हे आधी ठाऊक असलेले बरे. स्पेनच्या बाजूला पिंचो, म्हणजे बारमध्ये मिळणारे छोटे छोटे खाद्यपदार्थ, देणारे बार ही अडचण सोडवतात, कारण तिथे संध्याकाळी सातलाही पोट भरता येते.

बटाट्याचे जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया सगळीकडे मिळते, मात्र त्यात कांदा, मिरची यांखेरीज काही घातले आहे का, हे विचारावे. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून वर खडे मीठ भुरभुरून देतात, त्या तिखट नसतात आणि त्यांचा हंगाम नेमका तुमच्या दिवसांत असतो. इबारा गावच्या लोणच्यात मुरवलेल्या लांबट मिरच्या, भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, अळंबीचे पिंचो, अक्रोड आणि बिहीच्या वडीबरोबर दिले जाणारे इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचे चीज, या सगळ्यांवर आमचे दिवस मजेत गेले. त्या चीजसाठी परंपरेने कोकराच्या जठरातले विरजण वापरतात, तेव्हा सासूबाईंचा त्या बाबतीत कटाक्ष असेल तर ते टाळावे. जत्रेत किंवा गावच्या सणात मक्याच्या पिठाचे ‘तालो’ दिसले, तर आवर्जून घ्यावे. हातावर थापून तव्यावर भाजलेली ती जाडसर भाकरीच असते आणि मांसाऐवजी चीज घालून मागता येते.

फसवणारे पदार्थ दोन-तीन आहेत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या साध्या नावाच्या कोशिंबिरीवर जवळजवळ हमखास ट्यूना मासा असतो. ‘वेहेताल’ नावाचे सँडविच शाकाहारी वाटते, पण त्यातही बऱ्याचदा ट्यूना निघतो. तोलोसाचे काळे घेवडे चवीला अप्रतिम असतात, मात्र ते सहसा डुकराच्या सॉसेजबरोबर वाढले जातात. फ्रान्सच्या बाजूला मिरची-टोमॅटोच्या पिपेरादवर बायॉनचे हॅम ठेवलेले असते. म्हणून ‘मांस नको’ एवढेच सांगून थांबू नये, हॅम नको आणि मासाही नको असे वेगवेगळे सांगावे. तिथले पुष्कळ लोक हॅमला आणि ट्यूनाला मांसात धरतच नाहीत.

गोडात बास्क गातो चुकवू नये. वरून साधा दिसणारा तो केक आतून काळ्या चेरीच्या मुरंब्याने नाहीतर घट्ट क्रीमने भरलेला असतो. मला मुरंब्याचा अधिक आवडतो. आणि शक्य असेल तर निदान एका मुक्कामी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. सें-झां-द-ल्यूझच्या मंडईतून टोमॅटो, पीच, पाव आणि चीज आणून घरी जेवण्यात जे सुख आहे, ते मला कोणत्याच उपाहारगृहात मिळाले नाही.

नवऱ्याला आणि मुलाला मात्र गेतारियाला जरूर न्या. तिथे बंदरावरच्या उपाहारगृहांच्या निखाऱ्यांच्या शेगड्या बाहेर रस्त्यावरच मांडलेल्या असतात. अख्खा तुर्बो मासा जाळीच्या साच्यात अडकवून निखाऱ्यांवर धरतात, साचा मधूनमधून उलटवतात आणि त्यावर तेल आणि व्हिनेगरचे मिश्रण शिंपडत राहतात. मी खात नाही, तरी आचाऱ्याचे ते हात पाहत उभी राहिले होते. तो मासा महाग असतो आणि वजनावर विकला जातो, म्हणून आधी भाव विचारून घ्यावा.

पायवाट

दर्यावर्दी यांचा सल्ला सासूबाईंच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु सगळी सुट्टी सान सेबास्तियानच्या पूर्वेलाच घालवली तर बिस्काइयाचा, म्हणजे बिल्बाओच्या प्रांताचा, किनारा राहून जाईल आणि मला तो अधिक प्रिय आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो.

लेकेइतियोला रेल्वे नाही, म्हणूनच ते अजून गावासारखे गाव राहिले आहे. बंदराच्या कट्ट्यावर म्हातारे मासेमार गप्पा मारत बसतात, मागे गॉथिक चर्च आहे आणि समोर गारैत्स नावाचे बेट. पूर्ण ओहोटीला त्या बेटाकडे जाणारा दगडी बांध पाण्यातून वर येतो आणि मुलांना त्यावरून चालत बेटावर जाता येते. मात्र परतीची वेळ पाहूनच पाऊल टाकावे, बांध निसरडा असतो आणि पाणी भराभर चढते. बंदरालगतचा इसुंत्सा किनारा आडोशाचा आहे. तुमच्या मुलासाठी तोही चांगला.

त्याच्या पश्चिमेला उर्दाइबाईची खाडी आहे, 1984 पासून ती युनेस्कोचे संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. ओहोटीत तिथे वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि खाडीच्या मुखाशी मुंदाकाची ती प्रसिद्ध लाट फुटते, जिच्यासाठी जगभरातून सर्फर येतात. ती मोठी लाट शरद आणि हिवाळ्यातली, उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्र बहुधा शांत असतो. बिल्बाओहून बेर्मेओला जाणारी छोटी गाडी गेर्निका आणि मुंदाका या दोन्ही गावांत थांबते, त्यामुळे मोटारीशिवाय हा दिवस सहज जमतो. गेर्निकाला उतरावेच असे मला वाटते. 26 एप्रिल 1937 रोजी, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव बेचिराख केले, पण ज्या ओक वृक्षाखाली बिस्काइयाच्या प्रतिनिधींच्या सभा भरत, तो वृक्ष आणि सभागृह त्यातून वाचले. जुन्या वृक्षाचे वठलेले खोड एका छत्रीखाली जपून ठेवले आहे आणि त्याच्या वंशातला तरुण वृक्ष शेजारी उभा आहे. मुलाला तिथे जे सांगाल, ते त्याच्या लक्षात राहील.

गास्तेलुगात्चे मात्र यादीतून काढावे, निदान सासूबाईंसाठी. समुद्रातल्या त्या खडकावरच्या छोट्या चर्चपर्यंत 241 पायऱ्या आहेत, त्यांच्या आधी रस्त्यापासून समुद्राकडे उतरणारी तीव्र उताराची वाट आहे आणि परत येताना तीच चढायची असते. एका प्रसिद्ध मालिकेचे चित्रीकरण तिथे झाल्यापासून गर्दी एवढी वाढली, की गर्दीच्या मोसमात आधी विनामूल्य प्रवेशिका घ्यावी लागते. त्यापेक्षा बिल्बाओहून मेट्रोने गेचोला जाऊन बिस्काइयाचा झुलता पाळणापूल पाहावा. 1893 साली सुरू झालेला हा पूल जगातला आपल्या प्रकारचा पहिला पूल आहे. वर उंचावर लोखंडी तुळई आहे आणि तिच्यापासून दोरखंडांनी लटकलेला पाळणा माणसे आणि मोटारी घेऊन नदीच्या या तीरावरून त्या तीरावर जातो. सासूबाई एकही पायरी न चढता त्यात बसून पोर्तुगालेतेला जाऊ शकतील.

नवऱ्यासाठी दोन वाटा सुचवतो. बिदारपासून आंदायपर्यंत किनाऱ्यालगत सुमारे पंचवीस किलोमीटरची आखलेली पायवाट आहे, तिचा कोणताही टप्पा चालून रेल्वेने परत येता येते. दुसरी सान सेबास्तियानहून उलिया डोंगराच्या कडेने पासाइयाला जाणारी. या वाटेवर समुद्र सतत डाव्या हाताला असतो आणि शेवटी पायऱ्यांनी खाडीत उतरून छोट्या नावेने पलीकडच्या तीरावर जायचे. तीन तास धरावेत. तुम्ही बाकीचे तिघे बसने पासाइयाला येऊन त्यांना तिथे भेटू शकता.

आणि एक सूचना. फ्रान्समधले गेतारी आणि स्पेनमधले गेतारिया ही दोन वेगळी गावे आहेत. खोली राखून ठेवताना देशाचे नाव पाहावे. स्पेनच्या बाजूला बसच्या पाट्यांवर अनेकदा फक्त बास्क नाव असते, म्हणजे सान सेबास्तियानऐवजी दोनोस्तिया. आंदायच्या पलीकडच्या गाड्यांवरही तेच दिसेल.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादी आता बरीच लहान झाली आहे: सें-झां-द-ल्यूझ, मग सान सेबास्तियान आणि शेवटी बिल्बाओ. बिल्बाओच्या मुक्कामातून गेर्निका आणि मुंदाका करू, लेकेइतियो या खेपेस सोडावे लागेल असे दिसते. स्वयंपाकघर असलेली जागा सें-झां-द-ल्यूझला शोधते आहे.

अजून दोन शंका आहेत. सप्टेंबर लागल्यावर किनाऱ्यांवरचे जीवरक्षक निघून जातात, असे कुठेतरी वाचले, ते खरे आहे का? आणि या दिवसांत हवामान कितपत भरवशाचे असते? सासूबाईंनी गरम कपडे बरोबर घ्यावेत का?

दर्यावर्दी

जीवरक्षक एकदम निघून जात नाहीत, परंतु सप्टेंबर जसा सरकतो तशा त्यांच्या वेळा कमी होतात आणि लहान किनाऱ्यांवरची देखरेख मोठ्या किनाऱ्यांच्या आधी थांबते. प्रत्येक किनाऱ्याच्या प्रवेशाशी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा लिहिलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय मुलाला पाण्यात पाठवू नये. हिरवा, पिवळा आणि लाल झेंडा यांचा अर्थ दोन्ही देशांत सारखाच आहे. फ्रान्समध्ये देखरेखीखालचा भाग लाल-पिवळ्या झेंड्यांनी दोन्ही बाजूंना आखलेला असतो, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहावे. सान सेबास्तियानला तीन किनारे आहेत, त्यांपैकी ला कोंचा आणि ओंदारेता सांता क्लारा बेटाच्या आडोशाला आहेत, तर सुरियोला उघड्या समुद्रावर आहे आणि तो सर्फरांचा आहे. मुलाला सुरियोलावर फक्त लाटा पाहायला न्यावे.

हवामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे निष्काळजीपणा महागात पडू शकतो. ऑगस्टअखेर समुद्राचे पाणी साधारण एकवीस-बावीस अंशांवर असते, म्हणजे वर्षातले जवळजवळ सर्वांत उबदार. पाऊस मात्र कधीही येतो. हा प्रदेश हिरवागार आहे तो पावसामुळेच, आणि दिवसभर रेंगाळणारी बारीक झिमझिम तिथे नेहमीची आहे. एक-दोन दिवस त्यात जातील असे धरून चालावे आणि ते दिवस संग्रहालयांसाठी राखावेत. गेतारियाचे बालेन्सियागा संग्रहालय अशा दिवशी उत्तम. तो थोर वस्त्रकार 1895 साली त्याच गावात जन्मला. सासूबाईंना शिवणकामाची आवड असेल, तर त्यांचे दोन तास कसे गेले ते कळणार नाही.

खरी सावधगिरी बाळगायची ती ‘गालेर्ना’ची. दक्षिणेकडून कोरडा गरम वारा सुटतो, दिवस असह्य तापतो, लोक किनाऱ्यावर गर्दी करतात, आणि दुपारी किंवा संध्याकाळी वारा अचानक पश्चिमेकडे, वायव्येकडे फिरतो. सारौत्सच्या किनाऱ्यावर मी हे पाहिले आहे. समुद्र आरशासारखा होता, वाळू पायाला चटके देत होती. पश्चिमेला क्षितिजावर एक करडा पट्टा दिसू लागला आणि माझ्या शेजारी बसलेली स्थानिक आजी काही न बोलता सामान आवरू लागली. तिची छत्री मिटेपर्यंत पहिला झोत आला, वाळू चेहऱ्यावर सुयांसारखी टोचू लागली, वाळूत रोवलेल्या छत्र्या उपटून घरंगळत गेल्या आणि काही मिनिटांपूर्वी सपाट असलेल्या पाण्यावर पांढरे तुरे उसळू लागले. तापमान थोड्या वेळात दहा-बारा अंशांनी उतरते. हवामान खात्याचा इशारा असेल, तर त्या दुपारी पाण्यात उतरू नये, नावेत बसू नये, आणि इशारा नसतानाही स्थानिक लोक आवराआवर करताना दिसले, की आपणही उठावे. सासूबाईंसाठी एक पातळ लोकरी स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट पुरेसे आहे, पण ते खोलीवर न ठेवता रोज पिशवीत असावे.

तुमच्या तारखांचा एक फायदा आणि एक तोटाही सांगून ठेवतो. सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारी सान सेबास्तियानच्या उपसागरात नौकांची मोठी शर्यत असते. 1879 पासून चालत आलेल्या या शर्यतीत किनाऱ्यावरच्या गावांचे संघ उतरतात. प्रत्येक नौकेत तेरा वल्हवणारे आणि एक सुकाणू धरणारा असतो, नौका उपसागरातून बाहेर खुल्या समुद्रात जाऊन वळसा घेतात आणि परत येतात. त्या सकाळी ओरियोचे लोक पिवळ्या कपड्यांत आणि ओंदारिबियाचे हिरव्या कपड्यांत रस्ते भरून टाकतात. तुमच्या मुलासाठी हा अनुभव कोणत्याही संग्रहालयाहून मोलाचा ठरेल. तोटा एवढाच, की त्या शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत, म्हणून ते दिवस सान सेबास्तियानमध्ये घालवायचे असतील तर आजच खोली राखून ठेवावी. बिल्बाओचा मोठा उत्सवही 15 ऑगस्टनंतरच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो. तुमचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे असल्यामुळे तुम्ही पोचाल तेव्हा तो आटोपलेला असेल.

शिंपला

सुमाइयाविषयी अजून कोणी लिहिले नाही, आणि अबोली यांच्या नव्या यादीतून ते गळाले आहे, याचे वाईट वाटले म्हणून लिहितो. सान सेबास्तियानहून युस्कोत्रेनने ते अर्धा दिवस काढून सहज होते.

तिथे इत्सुरुन किनाऱ्यामागच्या कड्यात खडकांचे थर जवळजवळ उभे राहिले आहेत. समुद्रतळावर आडवे साचलेले हे थर पिरेनीज पर्वत वर येताना कलंडले. चुनखडीचा कठीण थर आणि त्याला लागून मऊ मातकट थर, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ, अशी शेकडो पानांची मांडणी समुद्रात दूरवर गेलेली दिसते, कारण लाटा मऊ थर कुरतडतात आणि कठीण थर धारदार कड्यांसारखे मागे उरतात. भूवैज्ञानिक याला फ्लिश म्हणतात. सुमाइया, देबा आणि मुत्रिकु या तीन गावांचा हा पट्टा आता युनेस्कोचे जागतिक भू-उद्यान आहे. एका जागी या थरांत एक पातळ काळपट रेघ आहे, आणि ती साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाची सीमा आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्या रेषेवर बोट ठेवू द्यावे. रेषेच्या एका बाजूला डायनोसॉरांचा काळ, दुसऱ्या बाजूला त्यांच्यानंतरचा, आणि मधे बोटाच्या रुंदीएवढी माती, हे त्याला पुस्तकातून कधीच कळणार नाही. ती रेघ नेमकी कुठे आहे, हे भू-उद्यानाच्या माहिती केंद्रात विचारून घ्यावे, आपल्या आपण सापडणे कठीण आहे.

थर पायाखाली पाहायचे असतील तर ओहोटी हवी, याविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहेच. खडक निसरडे आणि धारदार असल्यामुळे सासूबाईंनी खाली उतरू नये, पण त्यांना वगळण्याचेही कारण नाही. सुमाइयाच्या बंदरातून कड्यांसमोरून फिरवणाऱ्या नावा सुटतात आणि संपूर्ण भिंत बसल्या जागी पाहता येते. फेऱ्या समुद्राच्या स्थितीवर अवलंबून असतात, म्हणून जागा राखून ठेवतानाच फेरी रद्द झाल्यास दुसरा दिवस मिळेल का, हे विचारावे. मुलाला पोहायचे असेल तर इत्सुरुनवर हट्ट धरू नये, तिथे लाटा जोरकस असतात. नदीच्या मुखाशी असलेला सांतियागो किनारा त्याच्यासाठी अधिक बरा आहे आणि तिथे चालायला सपाट वाटही आहे.

अबोली

शिंपला, सुमाइया पुन्हा यादीत आले आहे. सान सेबास्तियानच्या मुक्कामातल्या ज्या दिवशी ओहोटी सकाळी उशिरा आहे, तो दिवस त्यासाठी राखला आणि नावेची चौकशी आजच करते. गालेर्नाबद्दल घरात सर्वांना वाचून दाखवले. शर्यतीचा पहिला रविवार आमच्या तारखांत बसतो आहे, म्हणून सान सेबास्तियानची खोली एक रात्र वाढवून घेतली आणि बिल्बाओची एक रात्र कमी केली. कोथिंबीर, तालो कोणत्या सणात मिळण्याची शक्यता आहे, हे जमल्यास सांगावे.

कोथिंबीर

9 सप्टेंबरला सारौत्सला बास्क उत्सवाचा दिवस असतो, लोक पारंपरिक कपड्यांत येतात आणि खाण्याचे ठेले लागतात. त्याच्या आदल्या दिवशी, 8 तारखेला, ओंदारिबियाला 1638 सालच्या वेढ्याची आठवण म्हणून मोठी मिरवणूक निघते. तुमच्या तारखा तोवर संपत असतील, तर नौकांच्या शर्यतीच्या रविवारी सान सेबास्तियानच्या जुन्या गावात आणि बंदराच्या बाजूला शोधावे. ठेल्यावर ‘तालो गास्तारेकिन’ असे म्हणावे, म्हणजे चीजचा तालो मिळेल.